आधी नर, मग मादी: कालवांच्या लिंगबदलामागचा हिशेब

पुण्यातल्या गणेश पेठेच्या मासळी बाजारात कालवं येतात ती सोललेली, आपल्याच पाण्यात पिशवीत पहुडलेली. सुरमई घेताना "गाबोळी आहे का?" असं हटकून विचारणारं गिऱ्हाईक कालवांच्या बाबतीत हा प्रश्न कधी काढत नाही. काढला तरी विकणाऱ्या मावशींना उत्तर देता येणार नाही, कारण कालवात नर कुठला आणि मादी कुठली हे डोळ्यांनी कळतच नाही. त्यातून यंदा जी मादी आहे ती दोन वर्षांपूर्वी नर असण्याची शक्यता बरीच.

हे शेवटचं वाक्य सध्या मोबाइलवर बरंच फिरतंय. "ऑयस्टर हवं तेव्हा लिंग बदलतो" असं सांगणारी अर्ध्या मिनिटाची रील येते आणि खाली प्रतिक्रियांत दोन तट पडून भांडण सुरू होतं. रीलमधला "लिंग बदलतो" हा भाग खरा आहे. "हवं तेव्हा" हा मात्र निव्वळ मसाला. कालव कधी बदलतं, का बदलतं आणि त्यावर कालवांच्या अख्ख्या वस्तीचं भवितव्य कसं ठरतं, ते जरा सावकाश पाहू.

हा प्राणी जगतो तरी कसा?

तिसऱ्या, खुबे यांच्यासारखंच कालवही दोन शिंपांच्या आत राहतं. फरक असा की तिसरी वाळूत सरकू शकते, कालव एकदा बसलं की बसलं. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते, मग खडक, खांब किंवा जुनी शिंप गाठून आपली डावी शिंप तिथे चिकटवते. पुढचं सगळं आयुष्य त्या एका जागी. मुंबई-कोकणच्या खडपांवर दिसणारं लहान, कडा मुडपलेलं कालव म्हणजे सॅकोस्ट्रिया कुकुलाटा; खाड्यांमध्ये वाढणारं मोठं कालव म्हणजे क्रासोस्ट्रिया ग्रायफॉइड्स. (मोत्यांचं कालव हे यांच्यापासून दूरचं. त्याला कालव म्हणतात इतकंच.)

जागचं हलता येत नाही, तेव्हा जोडीदार शोधण्याचा प्रश्नच मिटला. आपल्याकडची बहुतेक कालवं अंडी आणि शुक्राणू सरळ पाण्यात सोडून देतात. एकाने सुरुवात केली की पाण्यातून आलेल्या त्या खुणेने शेजारचीही सोडायला लागतात आणि फलन बाहेर, पाण्यातच होतं. युरोपातलं चपटं कालव थोडं वेगळं: तिथे नर शुक्राणूंचे पुंजके सोडतो, मादी ते पाण्याबरोबर आत ओढते आणि पिल्लांना आठवडा-दीड आठवडा शिंपांच्या आत सांभाळते. पण दोन्हीकडे मिलनासाठी लागणारा असा खास अवयव काही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग नर की मादी, हे ओळखायचं कसं?

कालवाचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, तयार करणाऱ्या केंद्रांत एक जुनी युक्ती वापरतात. विणीच्या हंगामात कालवाच्या पोटाभोवती मलईसारखा पांढरट थर चढलेला असतो. ही जननग्रंथी, म्हणजे अंडी किंवा शुक्राणू बनवणारा भाग. त्याचा एक थेंब पाण्यात सोडायचा. बारीक रव्यासारखे कण होऊन तो विखुरला तर अंडी, म्हणजे मादी. दुधाच्या तंतूंसारखा लोंबत राहिला तर शुक्राणू, म्हणजे नर. खात्री करायला सूक्ष्मदर्शक आहेच. अंडं साधारण एक विसांश मिलिमीटरचं असतं, शुक्राणूचं डोकं त्याहून कितीतरी बारीक.

अडचण अशी की हे पाहायला कालव उघडावं लागतं आणि उघडलं की बहुतेकदा ते मरतं. त्यामुळे एकच कालव या वर्षी काय आणि पुढच्या वर्षी काय, हे कित्येक दिवस कुणाला ठामपणे सांगता येत नव्हतं. लहान कालवांत नर जास्त सापडतात आणि मोठ्यांत माद्या, एवढं दिसत होतं. पण तेवढ्यावरून लिंग बदलतं असं सिद्ध होत नाही. कदाचित नर लवकर मरत असतील! हा आक्षेप अगदी रास्त होता.

त्याचं उत्तर मिळालं ते विसाव्या शतकात. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रयोगशाळेत जे. एच. ऑर्टन यांनी दाखवलं की चपट्या कालवाची मादी अंडी टाकून झाल्यावर काही आठवड्यांतच शुक्राणू बनवायला लागते. अमेरिकेत वेस्ली को आणि पॉल गॅल्टसॉफ यांनी तिथल्या कालवांवर काम केलं. गॅल्टसॉफ यांनी तर कालवं एकेकटी ठेवून, ती पाण्यात काय सोडतात ते वर्षानुवर्षं टिपलं. एक वर्ष शुक्राणू सोडणारं कालव पुढे अंडी सोडताना पकडलं गेलं की मग वाद उरत नाही. उलटा प्रवासही सापडला. मादी झालेलं कालव पुन्हा नर होऊ शकतं.

बदलतं म्हणजे नेमकं काय बदलतं?

इथे पुण्याच्या माणसाला गणपतीचा मांडव आठवला तर बरं. मंडळाकडे वर्षभर सांभाळून ठेवलेलं असतं काय, तर वासे, बांबू आणि कार्यकर्ते. देखावा दर वर्षी नव्याने उभा राहतो आणि विसर्जनानंतर पार उतरवला जातो. गेल्या वर्षी किल्ला होता म्हणून यंदाही किल्लाच हवा असं बंधन नाही. काय करायचं ते जागा आणि वर्गणी पाहून ठरतं.

कालवाची जननग्रंथी अशीच हंगामी आहे. विणीच्या काळात ती फुगून अंगाचा मोठा हिस्सा व्यापते. अंडी किंवा शुक्राणू सोडून झाले की ती रिकामी होते, उरलंसुरलं शरीरात जिरून जातं आणि मागे उरतात काही मूळ पेशी, ज्यांचं अंडं व्हायचं की शुक्राणू हे अजून ठरलेलं नसतं. पुढच्या हंगामात त्यांच्यापासून सगळं नव्याने घडतं. म्हणजे क्रासोस्ट्रिया गटातलं कालव चालू हंगामात मध्येच पालटत नाही. एक हंगाम संपतो, दुसरा सुरू होतो, त्या फटीत निर्णय होतो. चपटं कालव मात्र एकाच हंगामात दोन्ही भूमिका उरकू शकतं.

मिलनाचा अवयव नाही, गर्भाशय नाही, बाह्य रूपात फरक नाही. मोडतोड करण्यासारखं काही नसल्यामुळे हा बदल कालवाला फार स्वस्तात पडतो. आणि वर्गणीचा मुद्दा, म्हणजे हाताशी अन्न किती, तोही इथे लागू आहे; तो पुढे येईलच.

आधी नरच का?

शुक्राणू स्वस्त, अंडं महाग. एका अंड्याला लागणाऱ्या ऐवजात हजारो शुक्राणू होतात, कारण अंड्यात पुढच्या अळीसाठी चरबी आणि प्रथिनांची शिदोरी भरायची असते. कोवळ्या, नखाएवढ्या कालवाने अंडी घालायची ठरवली तर ती होतील किती? तेवढ्याच ताकदीत शुक्राणू मात्र भरपूर होतात. मोठं झालेलं, साठा बाळगणारं कालव एका हंगामात कोटींच्या घरात अंडी सोडू शकतं. तेव्हा लहानपणी नर आणि मोठेपणी मादी हा क्रम आयुष्यभराच्या हिशेबात जास्त संतती देतो. यालाच शास्त्रात प्रोटँड्री म्हणतात. हा शब्द पुन्हा लागणार नाही.

जीवशास्त्रज्ञ मायकेल गिसेलिन यांनी १९६९ साली हा विचार नीट मांडला: आकार वाढल्याचा फायदा ज्या लिंगाला जास्त, ते लिंग शेवटी. अलिबाग-पेणकडच्या मंडळींचा लाडका जिताडा याच वाटेने जातो, आधी नर आणि पुरेसा मोठा झाला की मादी. हेकरूच्या गटातल्या अनेक माशांत क्रम उलटा असतो. तिथे मोठा नर अनेक माद्यांवर ताबा ठेवतो, म्हणजे मोठं असण्याचा खरा फायदा नराला. नियम एकच, उत्तरं दोन. मला या विषयातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

पण हे जन्मतः, जनुकांत ठरलेलं असेल ना?

थोडं ठरलेलं, थोडं उघडं ठेवलेलं. माणसात एक्स आणि वाय अशी लिंग ठरवणारी गुणसूत्रं आहेत. पॅसिफिक कालवाच्या गुणसूत्रांच्या दहा जोड्या आहेत आणि त्यांत अशी वेगळी ओळखू येणारी जोडी सापडत नाही. तरी वेगवेगळ्या आईबापांची पिल्लं एकाच पाण्यात वाढवली तर काही घराण्यांत नर जास्त, काहींत माद्या जास्त असं निघतं. शीमिंग ग्वो आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली यावरून सुचवलं की काही कालवं कायमची नर असतात आणि बाकीची परिस्थितीप्रमाणे नर किंवा मादी होऊ शकतात. नंतरच्या संशोधकांनी यात भर घातली, सुधारणा केल्या. पण गाभा तोच: अनुवंश कल देतो, परिस्थिती निकाल लावते. परिस्थितीत तापमान येतं आणि त्याहून मोठं म्हणजे अन्न. खायला कमी मिळालं की पारडं नराकडे झुकतं. वर्गणी कमी जमली, देखावा साधा.

मुंबईचा एक वाटाण्याएवढा पुरावा

अन्नाच्या या मुद्द्याला आपल्याच किनाऱ्यावरचा एक जुना दाखला आहे आणि तो मराठी वाचकाला फारसा माहीत नसावा. १९३१ साली आवटी आणि राय या दोघांनी मुंबईच्या खडकांवरच्या कालवाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. कालवाच्या शिंपांत कधीकधी वाटाण्याएवढा खेकडा बिऱ्हाड करून असतो. मऊ कवचाचा हा पाहुणा बाहेर पडत नाही. कालव कल्ल्यांनी पाणी गाळून जे खाणं जमवतं त्यातलंच तो ओरपतो. आवटी आणि राय यांना दिसलं की असा खेकडा असलेल्या कालवांत नरांचं प्रमाण फार जास्त आहे.

सरळ अर्थ असा लागतो की पाहुण्याने ताटातलं पळवलं, कालवाची कमाई घटली आणि ते महागड्या अंड्यांऐवजी स्वस्त शुक्राणूंवर आलं. यावरही आक्षेप घेता येतो: खेकडाच मुळात नर कालव निवडत असेल तर? हा आक्षेप एका दाखल्याने खोडता येत नाही. पण अन्न तोडलं की नर वाढतात ही गोष्ट इतर ठिकाणीही दिसलेली असल्यामुळे पहिला अर्थ जास्त पटतो.

नर-मादी निम्मे-निम्मे नकोत का?

आपल्याला लिंग गुणोत्तर म्हटलं की जनगणना आठवते: दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया. २०११ साली महाराष्ट्रात हा आकडा ९२९ होता आणि त्यामागे काय काय दडलंय हे आपल्याला ठाऊक आहे. माणसात गुणोत्तर बिघडलं की कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, म्हणून तीच नजर आपण कालवांवर लावतो. तिथेच फसगत होते.

जन्मतःच लिंग ठरणाऱ्या प्राण्यांत साधारण निम्मे-निम्मे का असतात, याचं उत्तर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्ये लोकप्रिय केलं. प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप लागतो, म्हणून जे लिंग कमी पडेल त्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला जास्त पिल्लं येतात आणि तराजू आपोआप सावरतो. कालवांत मात्र लिंग वयाबरोबर सरकतं. त्यामुळे वस्तीतलं गुणोत्तर हे बऱ्याच अंशी त्या वस्तीचं वय सांगतं. एखाद्या खाडीत गेल्या हंगामात भरपूर नवं बीज बसलं असेल, तर तिथे नरच नर दिसतील आणि ती वस्ती धडधाकट असेल. उलट चार-पाच वर्षांत नवं बीज बसलंच नसेल, तर माद्यांची गर्दी दिसेल आणि ती वस्ती म्हातारी होत चाललेली असेल. नुसता आकडा घेऊन "माद्या भरपूर, म्हणजे सगळं छान" असं म्हणणं धोक्याचं. सोबत आकारमान पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

मोठी मोठी वेचली की काय होतं?

ओहोटीला खडपात कालवं काढायला बसलेली बाई मोठं कालव आधी काढणार. कष्ट तेवढेच, मांस जास्त. बाजारातही मोठ्यालाच भाव. पण मोठं म्हणजे बहुधा मादी. आपण माद्या वेचायच्या असं कुणीच ठरवलेलं नसतं, तरी घडतं तेच.

अमेरिकेतला चेसापीक उपसागर हे याचं गाजलेलं उदाहरण. एकेकाळी कालवांनी भरलेल्या या उपसागरात बेसुमार उपसा झाला, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन रोगांनी थैमान घातलं आणि पूर्वीच्या मानाने अगदीच थोडी कालवं उरली. तिथे तीन इंचांपेक्षा लहान कालव काढायला बंदी आहे. हेतू चांगला: काढण्याआधी त्याला एकदा तरी वीण होऊ द्या. होतं असं की मर्यादेखाली जी वाचतात त्यांत नरांचा भरणा. वर मोठ्या वयाच्या कालवांना रोगही जास्त ग्रासतो. काढणी आणि रोग दोघेही एकाच टोकाकडून कुरतडतात.

"मग उरलेले नर लवकर मादी होतील की," असं कुणी म्हणेल. काही होतातही. पण मादी व्हायला अंगात साठा लागतो, साठ्याला वेळ लागतो, आणि छोट्या मादीची अंडी छोट्या मादीइतकीच. शिवाय अंडी-शुक्राणू पाण्यात सोडायचे तर वस्ती दाट हवी. विरळ झाली की अंड्याला शुक्राणू गाठ पडण्याआधीच प्रवाह वाहून नेतो. म्हणून काही ठिकाणी किमान आकाराच्या नियमावर न थांबता खडकांचे काही पट्टे पूर्ण राखीव ठेवतात, तिथे थोरली कालवं राहतात आणि त्यांच्या अळ्या आजूबाजूला पसरतात. रिकाम्या शिंपा पुन्हा पाण्यात टाकणं हाही उपाय आहे, कारण अळीला बसायला जुनी शिंप फार आवडते. आपल्याकडे शिंपा भाजून चुना करायची रीत होती. चुन्याच्या भट्टीत गेलेली शिंप म्हणजे पुढच्या पिढीची गेलेली जागा.

समुद्राचं पाणी बदलतंय, त्याचं काय?

हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषतो आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजणारा आकडा) उतरतो. औद्योगिक युगाच्या आधी समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू ८.२च्या आसपास होता, आता तो ८.१च्या घरात आहे. म्हणजे समुद्र आंबट झालेला नाही, त्याचा अल्कधर्मीपणा कमी होतोय. दशांशाचा फरक किरकोळ वाटतो, पण ही मोजपट्टीच अशी आहे की त्यात आम्लता वाढवणारे आयन सुमारे २६ टक्के वाढतात. कालवाच्या अळीला कवच घडवणं यामुळे जड जातं हे आधीपासून माहीत आहे. हाँगकाँगच्या संशोधकांनी २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: सामू उतरलेल्या पाण्यात तिथल्या कालवांत माद्यांचं प्रमाण वाढलं, आणि तो परिणाम पुढच्या पिढीतही उतरला.

आता घोटाळा बघा. ताण वाढला की नर वाढतात हे आपण वर पाहिलं आणि इथे माद्या वाढल्या. म्हणजे "ताण" असा एकच गठ्ठा करून चालत नाही. उपासमार वेगळी, रसायन वेगळं. एका जातीवरचा निष्कर्ष उचलून कोकणातल्या कालवांना चिकटवायची घाईही नको.

यातून माणसांबद्दल काय कळतं?

काहीही नाही. रीलखाली भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना हे आवडणार नाही, पण कालवाला ना मेंदू म्हणावा असा मेंदू, ना समाज, ना आधार कार्ड. तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये मान्य केला तो राज्यघटनेच्या आधारावर. त्याला कालवाच्या साक्षीची गरज नव्हती. "निसर्गात असलं काही नसतं" असं म्हणणाऱ्यांना कालव खोटं पाडतं, एवढं मात्र खरं.

आणि खायचं कधी?

पाश्चात्त्य देशांत नावात 'आर' नसलेल्या महिन्यांत, म्हणजे मे ते ऑगस्ट, कालवं खाऊ नयेत असा जुना दंडक आहे. तिथला तो विणीचा काळ. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कालवांची वीण पावसाशी, खाडीच्या पाण्याचा खारटपणा उतरण्याशी जोडलेली असते. यांत्रिक नौकांवरची १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी खडकावरून हाताने काढलेल्या कालवांना लागू होत नाही, पण नारळी पौर्णिमेपर्यंत हात आखडता घेण्याची कोळी लोकांची रीत कालवांनाही सोयीचीच पडते.

वीण झाल्यावर काढलेलं कालव पातळ, पाणचट लागतं. ते शिळं असतं असं नाही, जननग्रंथीतला ऐवज सोडून ते मोकळं झालेलं असतं. ताजेपणा वासावरून ठरवा, जाडीवरून नको. शिवाय कालव दिवसभर खाडीचं पाणी गाळत असतं आणि त्या पाण्यात काय काय असतं ते सांगायला नको, म्हणून ती नीट शिजवूनच खावीत. अमेरिका आणि फ्रान्समधल्या शेतीत मात्र विणीची अडचण वेगळ्याच तऱ्हेने सोडवली आहे: गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली कालवं. ती बहुतांशी वांझ असतात, जननग्रंथी भरण्यात ताकद घालवत नाहीत आणि ऐन उन्हाळ्यातही भरीव राहतात.